हिरवी खूण दिसली, पण डी ड्राइव्हचं काय?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका मालकांनी मध्यंतरी मला बोलावलं. कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घेतलाय, तेवढा डेटा इकडून तिकडं घालून द्या, एवढंच काम होतं. मी सवयीनं विचारलं, "बॅकअप आहे का?" त्यांनी तेलाचे हात चिंधीला पुसत स्क्रीनकडं बोट केलं. "आहे की! रोज हुतोय. हिरवं दिसतंय बघा."

खरंच हिरवं दिसत होतं. गोल चकती, आत बरोबरची खूण, खाली आजच सकाळची वेळ. मी बॅकअपमध्ये काय काय आहे ते उघडून बघितलं. डेस्कटॉपवरचे चार शॉर्टकट, नातीच्या बारशाचे फोटो आणि बँकेचं एक जुनं स्टेटमेंट. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, मशिनचे प्रोग्रॅम, कोटेशनं, आठ वर्षांचं सगळं होतं डी ड्राइव्हवर. त्यातली एक फाइलही बॅकअपमध्ये नव्हती.

प्रोग्रॅम खोटं बोलत नव्हता. सांगितलेली फोल्डरं तो रोज इमानानं उतरवून घेत होता. डी ड्राइव्हचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायची जागा त्या नव्या, चकचकीत स्क्रीनवर चटकन सापडण्यासारखी नव्हती.

हा घोळ सध्या जास्त दिसतोय, त्याला कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायची सोय जाहीर केली, आणि ते फुकट मिळवायचा एक मार्ग म्हणजे 'विंडोज बॅकअप' चालू करून सेटिंग आपल्या खात्याशी जोडणं. झालं! ज्यांनी जन्मात बॅकअप घेतला नव्हता त्यांनीही ते बटण दाबलं आणि निश्चिंत झाले. त्याच सुमारास बॅकअपच्या बाकीच्या प्रोग्रॅमांनीही रूप बदललं, नावं बदलली, फुकटचे काही बंद झाले. म्हणून हे सगळं एकदा मुळापासून बघू.

एक शब्द, तीन कामं

'बॅकअप' या एकाच नावाखाली आज तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, सिंक. म्हणजे एका फोल्डरची जोडी इंटरनेटवर ठेवायची आणि दोन्हीकडं कायम सारखं राहील असं बघायचं. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह हे काम करतात. हा आरसा आहे. तुम्ही टोपी घातली तर आरशातल्यानंही घातली, तुम्ही काढली तर त्यानंही काढली. इकडं फाइल पुसली की तिकडंही पुसली जाते. कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते, पण मार्चमध्ये पुसलेली फाइल जूनमध्ये आठवली तर उपयोग नाही.

दुसरी, फाइलींचा बॅकअप. ठरावीक फोल्डरांच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर, तारखेवार. कालची वेगळी, परवाची वेगळी.

तिसरी, डिस्कची इमेज. यात फोल्डर निवडायचा प्रश्नच नाही. विंडोज, हिशेबाची टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, फाँट, तुमच्या फाइली, अख्खी डिस्क जशीच्या तशी एका मोठ्या फाइलीत भरून ठेवायची. डिस्क उडाली तर नवी बसवायची आणि इमेज त्यावर ओतायची. कॉम्प्युटर काल संध्याकाळी बंद केला होता तसा उभा राहतो. मराठी टायपिंगचा जुना कीबोर्डसुद्धा पुन्हा बसवावा लागत नाही. डीटीपीवाल्यांना विचारा, त्यांना याची किंमत माहीत आहे.

इमेजचाच चुलतभाऊ म्हणजे क्लोन. इमेज हे बरणीत भरलेलं लोणचं, एका डिस्कवर अनेक बरण्या मावतात. क्लोन म्हणजे दुसरं ताटच वाढून ठेवणं. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडी या वेगवान डिस्कवर जायचं असेल तेव्हा क्लोन बरा. रोजच्या बॅकअपला तो कामाचा नाही, कारण आजचा क्लोन कालचा पुसून टाकतो.

आता विंडोज बॅकअपचं ॲप यातलं काय करतं? २०२३ पासून ते विंडोजबरोबर येतंय. ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज ही पाच फोल्डरं वनड्राइव्हला जोडतं, सेटिंग लक्षात ठेवतं आणि कुठली ॲप होती त्यांची यादी ठेवतं. यादीच, ॲप नव्हेत. फुकट जागा ५ जीबी. म्हणजे हा मुख्यतः पहिला प्रकार आहे. नवा लॅपटॉप घेतल्यावर पहिला दिवस सुखाचा जावा यासाठी ते छान आहे. डिस्कचा बॅकअप मात्र नव्हे.

आणि आपल्याकडची रीत काय? कॉम्प्युटर जोडून देणारा पहिल्या दिवशीच बजावतो, "सी ला हात लावू नका, सगळं डी ला ठेवा." का, तर पुढं कधी फॉरमॅट मारायची वेळ आली तर डेटा वाचावा. सल्ला चांगला होता. पण हे ॲप जी पाच फोल्डरं बघतं ती सर्वसाधारणपणे सी वर असतात. टॅलीचा डेटाही बहुतेक कॉम्प्युटरवर या पाचांच्या बाहेरच असतो. म्हणजे ज्यानं शिस्तीनं सगळं डी ला ठेवलं, नेमका तोच उघडा पडतो.

फूट-इंच की नुसतं 'ठीक आहे'?

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून पहिलं काय विचारतो? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती. उत्तर फूट-इंचात हवं असतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत राहणारा माणूस त्या आकड्यावरून ठरवतो, की गणपतीच्या मूर्ती आज वर चढवायच्या का उद्या. तिथं कुणी नुसती हिरवी खूण दाखवून 'परिस्थिती सामान्य' असं सांगितलं तर तो विचारणारच, "व्हय, पण किती फूट?"

बॅकअपच्या जुन्या प्रोग्रॅमांचा चेहरा फूट-इंचवाला होता. आपल्याकडचे हार्डवेअरवाले अजून म्हणतात, "घोस्ट मारून ठेवलाय." हा घोस्ट न्यूझीलंडमध्ये जन्मला, १९९८ मध्ये सिमँटेकनं विकत घेतला आणि २०१३ मध्ये नॉर्टन घोस्ट बंद झाला. तरी क्रियापद राहिलं. त्याची खिडकी रुक्ष होती. कुठली डिस्क, कितवा भाग, किती एमबी, कुठून कुठं. 'टू इमेज' आणि 'फ्रॉम इमेज' हे दोन पर्याय एकाच मेनूत शेजारी शेजारी. बोट घसरलं तर बॅकअप घेण्याऐवजी जुना बॅकअप चालू डेटावर ओतला जायचा. भल्याभल्यांचे हात तिथं पोळलेत.

पुढच्या पिढीनं डिस्कचा नकाशा दाखवायला सुरुवात केली. आडव्या पट्ट्या, सी, डी, ई, प्रत्येकीत किती भरलंय ते रंगानं. माझ्या मते बॅकअपच्या पडद्याचं हे सर्वांत चांगलं रूप. डी समोर खूण नाही हे डोळ्यांना लगेच खटकतं.

अलीकडं कल असा, की आधी खात्यात लॉगिन करा, मग मोठं बटण, मग हिरवी चकती. डिस्कचा नकाशा 'प्रगत' नावाच्या किंवा दातेरी चाकाच्या मागं. ढोबळ चुका यानं कमी होतात हे मान्य. पण काय धरलंय आणि काय सुटलंय, ते दिसेनासं होतं.

सोपा पडदा म्हणजे वाईट पडदा असं मात्र नाही. मॅकवरचं टाइम मशीन २००७ पासून एका बटणावर चालतंय. गेल्या २४ तासांचे दर तासाचे, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे दर आठवड्याचे बॅकअप ते ठेवतं, डिस्क भरली की सर्वांत जुने काढतं. २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरात त्याची जागा हलली, सेटिंगमध्ये 'जनरल'खाली गेलं, आणि डिझाइनवाले मित्र दोन दिवस शोधत बसले. पण गाभा तोच. फरक कशात आहे? टाइम मशीन मॅकच्या आतलं सगळं आपणहून धरतं, नको ते तुम्ही वगळायचं. दुसऱ्या प्रकारचे प्रोग्रॅम सांगितलेलंच धरतात, हवं ते तुम्ही घालायचं. पहिल्यात विसरलात तर जागा वाया जाते. दुसऱ्यात विसरलात तर डेटा जातो. कुठलाही प्रोग्रॅम घेताना पहिला प्रश्न हाच: हा 'सगळं धर'वाला आहे का 'सांगितलेलं धर'वाला?

रोजकीर्दीचं गणित

अख्खी डिस्क रोज उतरवायची तर जागा किती लागेल? समजा डिस्कवर ३०० जीबी आहे. महिन्याभरात ९,००० जीबी. परवडणार नाही. म्हणून सगळे प्रोग्रॅम एक युक्ती करतात, आणि ती व्यापारी माणसाला कुठल्याही इंजिनियरपेक्षा लवकर कळते.

१ एप्रिलला आपण आरंभीची शिल्लक लिहितो. त्यानंतर रोजकीर्दीत फक्त त्या त्या दिवशीचे व्यवहार. आजची शिल्लक काढायची तर आरंभीची शिल्लक अधिक रोजची पानं. बॅकअपमध्ये आरंभीची शिल्लक म्हणजे पूर्ण बॅकअप आणि रोजचं पान म्हणजे इन्क्रिमेंटल, अर्थात कालपासून बदललं तेवढंच. रोज २ जीबी बदलत असेल तर महिन्याचे ३०० अधिक ६०, एकूण ३६० जीबी. नऊ हजारांच्या जागी!

धोकाही वहीसारखाच. ११ तारखेचं पान फाटलं तर १० पर्यंतची शिल्लक निघते, १२ पासून पुढचं सगळं लटकतं. म्हणून दुसरा प्रकार, डिफरन्शियल. यात रोजच्या पानावर 'आरंभापासून आजपर्यंतची एकूण उलाढाल' लिहायची. मधलं पान फाटलं तरी बिघडत नाही, पण पान रोज जाड होत जातं.

नव्या प्रोग्रॅमांनी यातून चांगली वाट काढली आहे. ३० दिवस ठेवा असं सांगितलं, की एकतिसाव्या दिवशी ते सर्वांत जुनं पान आरंभीच्या शिल्लकेत मिळवून टाकतात. शिल्लक एक दिवस पुढं सरकते, पानं तीसच राहतात. पुन्हा अख्खी डिस्क वाचायची गरज नाही, डिस्क भरून वाहण्याची भीती नाही. पूर्वी हे हातानं पुसायला लागायचं, आणि लोक जागा करायच्या नादात नेमकी मूळ पूर्ण प्रतच पुसायचे. वही ठेवली, आरंभीची शिल्लक फाडली!

म्हणून बॅकअपच्या डिस्कवरची फाइल 'जुनी दिसतेय' म्हणून हातानं कधी पुसू नका. पुसायचीच तर प्रोग्रॅमच्या आतून. आणि पडताळणीची सोय असते ती चालू ठेवा. प्रोग्रॅम प्रत्येक तुकड्याची बेरीज करून ठेवतो आणि नंतर पुन्हा बेरीज करून ताळा जुळतो का बघतो. वेळ थोडा जातो, पण फाटलेलं पान गरज पडायच्या आधीच कळतं.

टॅली चालू असताना प्रत कशी निघते?

प्रत काढायला तास लागतो, आणि त्या तासात मुनीमजी नोंदी करतच असतात. मग अर्धी प्रत दहाची आणि अर्धी अकराची होणार नाही का? यावर विंडोजमध्ये फार वर्षांपासून उपाय आहे. प्रत सुरू होताना एक क्षण गोठवला जातो. त्यानंतर कुणी एखादी नोंद बदलू लागलं, की आधी जुनी नोंद चिठ्ठीवर उतरवून बाजूला ठेवली जाते, मग बदल. प्रत काढणारा चिठ्ठी असेल तिथं चिठ्ठी वाचतो. त्यामुळं सगळी प्रत दहाचीच निघते. तरीही हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मी दुपारच्या जेवणाची वेळ लावतो, टॅली बंद करून. शिवाय टॅलीचा स्वतःचा बॅकअप वेगळा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाच्या मेनूत तो सापडतो. दोन्ही ठेवा, भांडण नाही त्यांचं.

नव्यात घेण्यासारखं काय आहे?

जाहिरातीत बरंच असतं. डार्क मोड आला म्हणून कुणाचा डेटा वाचलेला मी तरी बघितला नाही. पण दोन-तीन गोष्टी खरंच कामाच्या आहेत.

एक, अर्धवट राहिलेलं काम पुढं चालू होणं. पूर्वी ९० टक्क्यांवर लाइट गेली की पहिल्यापासून. मॅक्रियम रिफ्लेक्ट या इमेज काढणाऱ्या प्रोग्रॅमची एक्स ही २०२४ ची आवृत्ती अडकलेली इमेज तिथून पुढं सुरू करते. लाइटीचा भरवसा नाही अशा कुठल्याही वर्कशॉपमध्ये ही सोय सोन्यासारखी.

दोन, इमेज न ओतता तिच्या आत शिरता येणं. पूर्वी इमेजमधली एकच फाइल हवी तरी घाम फुटायचा. आता इमेज एका खोट्या ड्राइव्हसारखी उघडते, हवी ती फाइल उचलायची, बंद करायचं. काही प्रोग्रॅम तर इमेजमधला अख्खा कॉम्प्युटर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या खिडकीत चालू करून दाखवतात. डिस्क येईपर्यंत बिलं काढता येतात.

तीन, फक्त बदललेले तुकडे टिपून ठेवणं. त्यामुळं रोजचा बॅकअप काही मिनिटांत उरकतो आणि मशीन हँग होतंय म्हणून कुणी तो बंद करत नाही. बॅकअप बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण, माझ्या अनुभवात, हेच असतं.

वेगाबद्दल एक साधी गोष्ट. डिस्क कुठल्या भोकात जोडता ते बघा. काळ्या जिभेचं जुनं यूएसबी २.० असेल तर ५०० जीबीला चार तास सहज. निळ्या जिभेच्या ३.० मध्ये साध्या हार्ड डिस्कलाही दीड तासाच्या आसपास. प्रोग्रॅमला शिव्या देण्याआधी तेवढं वाकून बघावं. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं भागते, विंडोज १०२४ नं.

"सगळं क्लाउडवर आहे की!"

हा आक्षेप रोज ऐकतो. क्लाउड वाईट नाही, पण आकडे मांडून बघा. तुमचं इंटरनेट ५० एमबीपीएसचं आहे. यातला बी म्हणजे बिट, आठ बिटांचा एक बाइट. ५०० जीबी परत उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, २२ तास लागतात. एखादी ड्रॉइंगची फाइल हवी असेल तर क्लाउड उत्तम. अख्खं मशीन उभं करायचं असेल आणि गिऱ्हाईक दारात असेल, तर हातातली डिस्क बरी.

दुसरं म्हणजे ५ किंवा १५ जीबीची फुकट जागा भरली की नव्या फाइली वर जाणं थांबतं. त्याची सूचना येते ती अशा मेलवर, जो मुलानं खातं उघडताना दिला होता आणि मुलगा आता पुण्याला असतो.

"मग डिस्क कायम जोडूनच ठेवतो"

नका ठेवू. रॅन्समवेअर नावाचे प्रोग्रॅम तुमच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागतात. मे २०१७ मधला वॉनाक्राय अनेकांना आठवत असेल. असा प्रोग्रॅम जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर फिरतो, बॅकअपची डिस्कही त्यातच येते. विंडोजनं स्वतः ठेवलेल्या त्या जुन्या 'चिठ्ठ्या' तर तो बहुधा सगळ्यात आधी पुसतो.

नव्या बॅकअप प्रोग्रॅमांत यावर पहारा असतो. बॅकअपच्या फाइलीला आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा. तो चालू ठेवा. पण माझा भरवसा वायर उपटण्यावर जास्त आहे. दोन डिस्क घ्या, एक जोडलेली, एक कपाटात, शनिवारी अदलाबदल. न जोडलेल्या डिस्कला कुठलाही व्हायरस हात लावत नाही.

कपाट कुठल्या मजल्यावर आहे?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी ५५ फुटांवर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद. पाणी ओसरल्यावर माझ्याकडं शाहूपुरी, व्यापारी पेठेतून कॉम्प्युटर यायला लागले. एका दुकानदारांनी सीपीयू आणला, आणि सोबत बॅकअपची डिस्क. दोन्हींतून सारखाच चिखल निघाला. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी. इतकी काळजी घेतलेली ती डिस्क गल्ल्याच्या खालच्या खणात होती, सीपीयूपासून वीतभर अंतरावर.

म्हणून ३-२-१ चा नियम. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरनं तो रूढ केला. लग्नाच्या शूटचे शेकडो जीबी सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांना तो फोटोग्राफरचा आहे हे ऐकून बरं वाटेल. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. कोल्हापुरात 'वेगळी जागा' याचा अर्थ मी असा लावतो: तीच नदी तिथं पोचत नाही अशी जागा. दुकान शाहूपुरीत असेल तर दुसरी डिस्क सागरमाळावरच्या मेव्हण्याकडं. दुकान व्यापारी पेठेत आणि घर शेजारच्या गल्लीत, ही वेगळी जागा नव्हे.

हा फक्त छोट्या दुकानदारांचा गलथानपणा समजू नका. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायची तिथली यंत्रणा जळाली, ८५८ टीबी डेटा गेला. आकार फार मोठा आहे या कारणानं त्याची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती.

कुलूप लागलेली डिस्क

हा बदल फारसा कुणी सांगत नाही, पण येत्या काळात सर्वांत जास्त रडवणार तो हाच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरुवात केली, की डिस्कवरचं सगळं आपोआप सांकेतिक भाषेत कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला काही वाचता येत नाही. छान. पण मदरबोर्ड गेला आणि तुम्ही डिस्क काढून दुसऱ्याला जोडलीत, तर तुम्हालाही वाचता येत नाही. पूर्वी "बोर्ड गेला तरी डिस्क आहे ना, डेटा निघेल" असं मी बिनधास्त सांगायचो. आता आधी ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच उघडून कागदावर लिहा आणि कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

यातली गंमत अशी, की विंडोज चालू असताना काढलेली इमेज सहसा कुलपाशिवाय निघते, कारण त्या वेळी डिस्क उघडलेलीच असते. म्हणजे लॅपटॉपला कुलूप आणि कपाटातली डिस्क उघडी. इमेजला वेगळा पासवर्ड देता येतो, तो द्या. विसरलात तर मात्र कुणीही काही करू शकत नाही.

"इतके पैसे कोण भरणार?"

प्रश्न रास्त आहे. मॅक्रियमची फुकट आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली, नवी वार्षिक वर्गणीवर आहे. ॲक्रोनिस ट्रू इमेज या दुसऱ्या प्रोग्रॅमचं नाव २०२१ मध्ये बदलून 'सायबर प्रोटेक्ट होम ऑफिस' झालं, २०२४ मध्ये पुन्हा ट्रू इमेज. गिऱ्हाईक विचारायचं, "ते जुनं बंद झालं का?" नाही हो, पाटी बदलली फक्त.

फुकटचे पर्याय आहेत. वीम या कंपनीच्या विंडोज एजंट या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती एका कॉम्प्युटरला पुरते आणि रोजचा बॅकअप आपणहून घेते. रेस्क्युझिला पेनड्राइव्हवरून सुरू होतं, पडदा सोपा आहे, पण कॉम्प्युटर बंद करून बसावं लागतं, रोजच्या कामाला नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'विंडोज ७' असं कंसात लिहिलेला जुना बॅकअप अजून आहे. तो चालतो, पण मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्येच तो मागं टाकल्याचं सांगितलंय, त्याच्यावर नवा डोलारा उभारू नका.

पैसे भरणार असाल तर विक्रेत्याला एकच विचारा: वर्गणी संपल्यावर माझा जुना बॅकअप मला परत उघडता येईल का? 'हो' लेखी घ्या. आणि क्रॅक केलेला बॅकअप प्रोग्रॅम? ज्याला अख्खी डिस्क वाचायची मुभा द्यायची, तोच कुठून आलाय ते माहीत नाही. तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाकडं देऊन त्याला पहारा करायला सांगण्यातला प्रकार.

परत आणून बघितलंय का?

गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांच्याच कामाची कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनियरनं रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. एकही धड चालत नव्हती. मुख्य बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळं कितीतरी दिवस मुकाट्यानं अपयशी होत होता, आणि त्याच्या सूचनांचे मेल मधेच नाकारले जात होते. त्याच इंजिनियरनं सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत निघाली, म्हणून वाचले. पुढं कंपनीनं हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं.

तेव्हा उद्यमनगरातल्या मालकांकडं मी हिरव्या खुणेला नमस्कार केला आणि दुसरी तयारी मांडली. सी आणि डी, दोन्हींची इमेज, रोज दुपारी दीडला. दोन डिस्क. मग त्यांना म्हटलं, डी वरचं एखादं जुनं ड्रॉइंग निवडा. त्यांनी २०१८ चं एका पंपाच्या शाफ्टचं निवडलं. आम्ही मूळ फाइलला हात न लावता, इमेजमधून ती दुसऱ्या लॅपटॉपवर काढली, उघडली, माप बघितलं. "बरोबर हाय, ४२ चं हाय," मालक म्हणाले, आणि कारागिराला हाक मारून त्यालाही दाखवलं.

राहिला सुटकेचा पेनड्राइव्ह. विंडोज उठतच नसेल तेव्हा इमेज ओतायला याच्यावरून कॉम्प्युटर सुरू करावा लागतो. बॅकअपचा प्रोग्रॅमच तो बनवून देतो, पाच-दहा मिनिटांचं काम. आम्ही बनवला, लावला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि तो सरळ विंडोजमध्ये गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चालू होताना एफ १२ दाबून धरल्यावर यादी आली, पेनड्राइव्ह निवडला, निळा पडदा उघडला, त्यात दोन्ही डिस्क दिसल्या. प्रत्येक कंपनीचं हे बटण वेगळं असतं, आणि ते अडचणीच्या दिवशी शोधायला लागू नये. मालकांनी पेनड्राइव्हला कागद गुंडाळून मार्करनं मोठ्या अक्षरात 'एफ १२' लिहिलं, खाली तारीख घातली, आणि भिंतीवर व्हर्नियर अडकवायच्या खिळ्याला दोऱ्यानं टांगून ठेवला.